सैल जोडणी आणि साठ नॅनोसेकंद

घरातलं वायफाय बंद पडलं की आपण मुलांना आधी काय सांगतो? "वायर नीट बसली आहे का बघ." हाच सल्ला एका जगप्रसिद्ध प्रयोगाला कसा लागू पडला, ते आज ऐकूया. मुलं आसपास असतील तर त्यांनाही बोलवा.

इटलीत ग्रान सासो नावाचा डोंगर आहे. त्याच्या पोटात, सुमारे 1400 मीटर खडकाखाली, भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा आहे. जिनिव्हाजवळच्या सर्नमधून निघालेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण जमिनीतून आरपार 730 किलोमीटर येत आणि इथल्या 'ऑपेरा' प्रयोगात टिपले जात. सप्टेंबर 2011 मध्ये या गटाने जाहीर केलं, की हे कण प्रकाशापेक्षा सुमारे 60 नॅनोसेकंद लवकर पोहोचतात. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. 60 नॅनोसेकंदांत प्रकाश जेमतेम 18 मीटर जातो. पण आईन्स्टाईनच्या सिद्धांताला आव्हान द्यायला एवढा फरक पुरेसा होता.

अनेकांना शंका आली, आणि त्याला कारण होतं. 1987 मध्ये दूरच्या एका ताऱ्याचा स्फोट दिसला, तेव्हा त्याचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या काही तास आधी आले होते. ऑपेराचं म्हणणं त्यांनाही लागू असतं, तर ते सुमारे चार वर्षं आधी यायला हवे होते!

ऑपेराच्या लोकांनी आपला निकाल जगापुढे ठेवला आणि तपासून पाहा, असं आवाहन केलं. वर्षाअखेरीस त्यांनी स्वतःही वेगळ्या प्रकारचा झोत वापरून प्रयोग पुन्हा केला. उत्तर तेच आलं. हे कसं? इथेच खरी मेख आहे. झोत बदलला, पण घड्याळाची यंत्रणा तीच राहिली. वजनकाटाच बिघडला असेल तर भाजी दहा वेळा जोखून काय उपयोग?

फेब्रुवारी 2012 मध्ये दोष जाहीर झाला. डोंगराबाहेरच्या जीपीएसकडून येणारा वेळेचा संकेत सुमारे आठ किलोमीटर लांबीच्या ऑप्टिकल फायबरमधून आतल्या मुख्य घड्याळापर्यंत येई. त्या फायबरची जोडणी पूर्ण घट्ट बसलेली नव्हती. पूर्ण तुटली असती तर लगेच कळलं असतं. पण प्रकाश येत होता, फक्त कमी. त्यामुळे संकेत ओळखायला यंत्राला थोडा जास्त वेळ लागे, सुमारे 73 नॅनोसेकंद. घड्याळ तेवढं मागे पडलं आणि कण लवकर आल्यासारखे दिसले. घड्याळाला ठोके देणारा ऑसिलेटरही किंचित बिनसला होता. त्याचा परिणाम उलट दिशेचा होता. म्हणजे दोन दोष एकमेकांना अंशतः झाकत होते.

खात्री कशी पटली? त्याच प्रयोगशाळेतल्या एलव्हीडी या दुसऱ्या यंत्रातूनही आकाशातून येणारे म्युऑन कण जात. दोन्ही यंत्रांतून गेलेल्या कणांच्या जुन्या नोंदी ताडून पाहिल्यावर दिसलं, की 2008 ते 2011 या काळात ऑपेराचं घड्याळ सरकलेलं होतं. मार्च 2012 मध्ये शेजारच्या 'इकारस' प्रयोगानेही न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाएवढाच असल्याचं सांगितलं.

आता मुलांच्या शाळेच्या प्रोजेक्टकडे वळूया. सर्किट मधूनच चालतं, मधूनच बंद पडतं, तेव्हा तीन गोष्टी करून पाहा. एका वेळी एकच भाग बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. प्रत्येक जोडणी काढून पुन्हा बसवा आणि आधीचं व नंतरचं माप वहीत लिहा. आणि तेच मोजमाप दुसऱ्या, वेगळ्या यंत्राने करून पाहा.

उत्तर मनासारखं आलं तरी तपासणी सोडू नका. मुलांना हे आत्ताच सांगून ठेवा. पुढच्या वेळी पुन्हा भेटू.