बालयकृतरोपणाचं शिक्षण : थोडं मुंबईत, थोडं रत्नागिरीत

लहान मुलांच्या यकृतरोपणासाठी डॉक्टरांना जे प्रगत प्रशिक्षण दिलं जातं, ज्याला फेलोशिप म्हणतात, तो विषय रत्नागिरीत कशाला, असं कुणालाही वाटेल. आंबा, मासळी, फार तर पावसाळ्यातला लेप्टो, हे आपले विषय. यकृत बदलायचं तर मुंबई-पुणं गाठावं लागतं, आणि भाट्याच्या पुलापलीकडे एखाद्या घरात असं मूल जन्माला येणं ही दुर्मीळ गोष्ट. तरीही माझं म्हणणं असं, की शस्त्रक्रिया खुशाल मोठ्या शहरात होऊ दे, किंबहुना तिथेच व्हावी. पण हे शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरने त्यातले दोन-तीन महिने रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात काढलेच पाहिजेत, अशी अट अभ्यासक्रमात हवी. या मुलांचं काय होणार हे बरंचसं शस्त्रक्रियेच्या आधीच्या आठवड्यांत आणि नंतरच्या वर्षांत ठरतं, आणि तो सगळा काळ मूल आपल्या गावी असतं.

ज्या मुलांना यकृत बदलावं लागतं, त्यांच्यातला सर्वांत मोठा गट एकाच आजाराचा आहे : बिलिअरी अ‍ॅट्रेझिया, म्हणजे यकृतातून पित्त बाहेर नेणाऱ्या नळ्या बुजणं. जन्मताना बाळ चांगलं गुटगुटीत असतं, अंगावर पितं, हसतं. फक्त कावीळ जात नाही. तान्ह्या बाळाला कावीळ व्हायचीच, कोवळ्या उन्हात धरा, उतरेल, हा सल्ला घरोघर मिळतो आणि बहुतेक बाळांची ती उतरतेही. म्हणूनच हे एक बाळ नजरेतून निसटतं. खरी खूण दुपट्यावर असते. शी पिवळी न होता शाडूच्या मातीसारखी पांढुरकी होते, आणि एरवी पाण्यासारखी असणारी लघवी पिवळे डाग पाडू लागते. जपानचे शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी 1950च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली. आतड्याचा एक भाग वर नेऊन थेट यकृताला जोडायचा. ती 60 दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता सर्वांत चांगली, पुढे ती घटत जाते. काहीच केलं नाही, तर यातली बहुतेक मुलं दोन वर्षांचीही होत नाहीत. तैवानने 2004पासून देशभरातल्या आयांच्या हाती शीच्या रंगांची चित्रपट्टी दिली, आणि तिथे ही शस्त्रक्रिया वेळेत होणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलं. एवढ्याशा कागदाने हे साधलं. आपल्याकडे तर आशाताई बाळंतिणीच्या घरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी जातातच. माणूस दारात उभं आहे; काय पाहायचं ते त्याला शिकवणारं कुणी नाही.

आता ते फेलोशिपचं शिक्षण असतं तरी काय? 1963 साली अमेरिकेत डेन्व्हरला डॉ. थॉमस स्टार्झल यांनी माणसावरचं पहिलं यकृतरोपण केलं. तो रुग्ण याच आजाराचं तीन वर्षांचं मूल होतं, आणि ते शस्त्रक्रियेच्या टेबलावरच गेलं. भारतात 1994 साली अवयवरोपणाचा कायदा झाला आणि 1998मध्ये दिल्लीत बालकावरचं पहिलं यशस्वी यकृतरोपण झालं. वडिलांनी आपल्या यकृताचा भाग दिला होता. मोठ्या माणसाच्या यकृताचा डावीकडचा साधारण पाव हिस्सा बाळाला पुरतो, आणि देणाऱ्याचं यकृत काही महिन्यांत पुन्हा भरून येतं. बाळाची यकृताकडे जाणारी रोहिणी मात्र जेमतेम एक-दोन मिलिमीटरची; ती जोडायला बऱ्याचदा सूक्ष्मदर्शक लागतो. चांगल्या केंद्रांत आज दहापैकी नऊहून अधिक मुलं पहिलं वर्ष पार करतात. पण रोपण कुणाला, केव्हा करायचं, ताप आला तर तो जंतुसंसर्ग की शरीराने यकृत नाकारल्याची खूण, हे ओळखणं ही शल्यकर्माहून वेगळी विद्या आहे. अमेरिकेत 2006पासून तिचं स्वतंत्र प्रमाणपत्र आहे. बालरोग, मग मुलांची पचनसंस्था, आणि त्यावर आणखी एक वर्ष. आपल्याकडे लखनौच्या संजय गांधी संस्थेत आणि दिल्लीच्या यकृत व पित्तविज्ञान संस्थेत या अंगाचे वरच्या पदवीचे अभ्यासक्रम आहेत, आणि नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ निरनिराळ्या विषयांतल्या फेलोशिपना मान्यता देतं.

या शिक्षणाचा मोठा हिस्सा रुग्णालयाबाहेर लागू पडतो. रोपणानंतर मुलाला टॅक्रोलिमस नावाचं औषध रोज दोनदा, बहुधा जन्मभर, घ्यावं लागतं. त्याची रक्तातली पातळी सकाळचा डोस घेण्यापूर्वी मोजायची असते. डोस देऊन मग रक्त काढलं तर तो आकडा फसवा. गावातल्या डॉक्टरने खोकल्यावर सहज क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं, तर पातळी चढते आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. क्षयाच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन ती खाली ओढतं. आणि गणपतीत आपल्याकडे घरोघर येणारं पपनस! त्यानेही ही पातळी वाढल्याची नोंद आहे. मुंबईच्या तज्ज्ञाला पपनस कदाचित सुचणार नाही, आणि इथल्या डॉक्टरला टॅक्रोलिमस ठाऊक नसेल. दोघांची गाठ पडायला हवी ती यासाठी. रोपणाआधीचंही तसंच. पित्त आतड्यात उतरत नसल्याने साधं तूप-तेल या बाळांना पचत नाही. पित्तावाचून शोषली जाणारी काही स्निग्धाम्लं खोबरेलात असतात, म्हणून तज्ज्ञ अशा बाळांच्या आहारात डॉक्टरी देखरेखीखाली खोबरेल सुचवतात. भाट्यात तर नारळ संशोधन केंद्रच आहे. खोबरेल इथे हवं तेवढं आहे, पण बाळाला ते किती आणि कसं द्यायचं, शिवाय ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं कोणत्या मात्रेत, हे सांगणारा माणूस जवळ नाही.

यावर पहिला आक्षेप पैशाचा. खासगी रुग्णालयात यकृतरोपणाचा खर्च 15 लाखांच्या पुढे जातो. तेवढ्यात किती लसी येतील, असं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. पण मुलांच्या यकृताकडे निरखून पाहणाऱ्या तज्ज्ञांनी प्रतिबंधाचा मार्गही दाखवला आहे, आणि तो आपल्या पुण्यात. आपल्याकडे लहान मुलांना यकृताचा एक जीवघेणा आजार होत असे. मुलाला लिव्हर झालंय, असं लोक म्हणत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी स्टुअर्ट टॅनर यांनी 1983 साली लॅन्सेटमध्ये लिहिलं, की बाळाला लवकर सुरू केलेलं वरचं दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलं, ठेवलं जातं, आणि त्यातून उतरणारं तांबं यकृतात साठतं हे याचं कारण असावं. कल्हई गेलेलं पितळी पातेलं आणि त्यात रात्रभर राहिलेलं दूध. भांडी बदलली, तो आजार आज जवळपास दिसेनासा झाला. ज्यांनी हे शोधलं ते घराघरांतल्या स्वयंपाकात डोकावले होते.

दुसरा आक्षेप डॉक्टरच घेतील : जिल्ह्यात अशी मुलं वर्षाला किती, फेलोशिप घेणारा डॉक्टर तिथे बसून शिकणार काय? खरंच आहे, म्हणून तर त्याला इथे कायमचं नेमा असं मी म्हणत नाही. हाताला वळण लागायला रुग्णांची गर्दी लागते आणि ती मोठ्या केंद्रातच मिळते. दोन-तीन महिन्यांत त्याने इथल्या आशाताईंना, परिचारिकांना आणि नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना शिकवावं, रोपण झालेल्या मुलांच्या घरी जावं. पुढे तो पंचतारांकित रुग्णालयात गेला, परदेशी गेला, तरी इथे शिकलेली माणसं इथेच राहतात.

ही अट विद्यापीठाने घालावी. तोवर आपल्या हाती आहे तेवढं तरी करू या. दोन आठवड्यांनंतरही बाळ पिवळं दिसत असेल, किंवा शी कधीही पांढुरकी होत असेल, तर उन्हाची वाट पाहू नका. बालरोगतज्ज्ञाकडे जाऊन रक्तातलं बिलिरुबिन, एकूण आणि डायरेक्ट असं दोन्ही, तपासायला सांगा. ही तपासणी रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात होते.