विहिरींची वही कशाला?
(पोडापोडांच्या मेळाव्यातलं बोलणं)



जमिनीच्या दाव्यांसाठी जमलो आणि आम्ही विहिरींची वही काढून बसलो, म्हणून काही जण हसले. हसा. पण या वहीत तुमच्या दाव्याचाही कागद आहे, तो पुढे दाखवतो.

आधी पाण्याचं. सरकारी भूजलवाले राज्यात चार हजारांच्या आसपास विहिरी वर्षातून चारदा मोजतात: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. गावं आहेत चाळीस हजारांवर. म्हणजे दहा गावांमागे एक विहीर, त्यात आपल्या पोडाची कुठून येणार? आणि कागदावर ‘सुरक्षित’ असा शिक्का दिसला तर फसू नका. पावसाचं जेवढं पाणी जमिनीत मुरतं, त्यातलं वापरता येण्यासारखं शंभर भाग धरलं आणि उपसा सत्तरपर्यंत असला, की ते ‘सुरक्षित’. पाण्यात काय विरघळलंय त्याच्याशी या शब्दाचा काही संबंध नाही.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड इकडच्या कितीतरी गावांच्या पाण्यात फ्लोराईड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी पिण्याचं नाही. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, वर्षानुवर्षं प्यालं तर सांधे आखडतात, कंबर वाकते. आपण म्हणतो वात आला. उकळून ते जात नाही. पाणी आटतं आणि उरलेल्यात ते दाट होतं. येतं ते खडकातून. म्हणून पुष्कळदा उघड्या विहिरीत कमी आणि शेजारच्या बोअरात जास्त निघतं. पण उघड्या विहिरीत जंतू आणि शेणखताचं नायट्रेट असू शकतं. एका विहिरीवरून दुसरीचं सांगता येत नाही, म्हणून वहीत प्रत्येक विहिरीला, हातपंपाला, झऱ्याला वेगळं पान.

माप सकाळी, पाणी भरायच्या आधी घ्यायचं. जगतीवर रंगाची एक खूण करायची आणि दरवेळी तिथूनच दोर सोडायचा. महिने सरकारचेच चार धरा, म्हणजे त्यांच्या आकड्याशेजारी आपला आकडा ठेवता येतो.

फ्लोराईडसाठी बाटली प्लास्टिकची, त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरलेली. जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच आणायची आणि त्याच दिवशी पोचवायची. बाटलीवर पोडाचं नाव, जागा, तारीख. इथे आम्हीच घोळ घातला होता. दोन बाटल्यांवर नुसतं ‘हातपंप’ लिहिलं. एकीत फ्लोराईड जास्त निघालं, दुसरी ठीक, आणि कोणती कुठली ते कळेना. परत जावं लागलं. बसभाडं गेलं ते गेलं, तोवर पोरं तेच पाणी पीत राहिली.

आता दाव्याचं. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत, १३ व्या नियमात, पुराव्यांची यादी आहे. तीत जुनेपण दाखवणाऱ्या विहिरी आहेत, दफनभूमी आहे, देवाची ठिकाणं आहेत. सामूहिक दाव्यात माणसाजनावरांच्या पाण्याच्या जागाही धरल्या जातात. ग्रामसभेला एकापेक्षा जास्त पुरावे बघावे लागतात, त्यातला एक तुमच्या दारातच आहे! म्हणून पानावर हेही लिहा: विहीर कोणी खणली, कधी, कोणत्या कक्षात येते. साल आठवत नसेल तर बाहत्तरच्या दुष्काळाआधीची की नंतरची, असं विचारा. म्हातारी माणसं बरोबर सांगतात. त्यांचं सांगणं लेखी घेऊन अंगठा घ्या. मात्र ज्याचा दावा आहे त्याचंच निवेदन चालत नाही, दुसऱ्या वडीलधाऱ्याचं पाहिजे. हे आजच करा, आपले म्हातारे काही आपल्या फाईलसाठी थांबणार नाहीत.

मूळ वही ग्रामसभेकडे राहील. कोणीही साहेब आला तरी नक्कल द्यायची आणि पोच घ्यायची.

मे महिन्याचं माप बाकी आहे. ज्या पोडांना दोर आणि टेप मिळाला नाही, त्यांनी जाताना इथून घेऊन जा.