सोबत द्या, सही आमची राहू द्या

(मंडळाच्या महिला मेळाव्यातील भाषण)



आम्ही म्हणजे डोळ्यांनी न दिसणाऱ्या, नोकरी करून मुलं वाढवणाऱ्या आया. बी.कॉम. झालो आणि १९९५ च्या अपंग कायद्यातल्या एक टक्का राखीव जागांतून बँकेत कारकून म्हणून लागलो.

आम्हाला पहिला प्रश्न ठरलेला : "बाळाचं कसं केलंत हो?" तुम्ही केलंत तसंच! रांगायला लागलं की पायात घुंगरू. तापाचं औषध बिनसुईच्या सिरिंजने मोजायचं; दट्ट्या कुठवर ओढायचा तिथे आधीच खाच पाडून ठेवायची. नानपुऱ्याच्या जुन्या घराचा जिना अरुंद, पण पायरी न् पायरी पाठ. २००६ च्या पुरात वीज गेली तेव्हा शेजारपाजारचे आमचा हात धरून वर चढले होते, हे इथल्या काहींना आठवत असेल.

बँकेत संगणक पडद्यावरचं वाचून दाखवतो. नोटा बोटांनी ओळखतो. नवी पाचशेची १५० मिलिमीटर लांब, दोनशेची १४६, शंभराची १४२. चार मिलिमीटरवर आमचा सगळा हिशेब! कडेच्या उंच रेघा नोट जुनी झाली की झिजतात, तेव्हा रिझर्व्ह बँकेचं २०२० सालचं 'मनी' अॅप कामी येतं.

अडतं ते दुसरीकडेच. दिवसभर लोकांची खाती सांभाळतो, आणि स्वतःसाठी दुसऱ्या एका बँकेत लॉकर मागायला गेलो तर उत्तर मिळालं, "बेन, घरच्या कोणाला तरी घेऊन या." अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारू नये असं रिझर्व्ह बँकेने जून २००८ मध्येच सगळ्या बँकांना कळवलं आहे. ते परिपत्रक दाखवलं, तेव्हा खुर्ची मिळाली. लॉकर पुढे सात महिन्यांनी.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची गोष्ट याच जातीची. २०१६ मध्ये यूपीएससी पास होऊनही दृष्टी नाही म्हणून रेल्वेच्या लेखा सेवेत त्यांना घेतलं नाही. पुढच्या परीक्षेत त्या १२४ व्या आल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी झाल्या. घरबसल्या केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटा-उघडा म्हणतात; ज्याला ते जमत नाही त्याने काय करायचं? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने ही पद्धत आम्हालाही वापरता येईल अशी करा, असे आदेश दिले.

आता मंडळाशी थोडं भांडण. १ डिसेंबर २०२२ ला विधानसभेच्या मतदानाला आम्हाला रिक्षातून नेलंत, उपकार आहेत. पण केंद्रावर एक कार्यकर्ते बरोबर आत येऊ लागले, "ताई, बटण आम्ही दाबतो." कोणत्या पक्षाचे ते सांगत नाही. मतदान यंत्रावर बटणांशेजारी ब्रेल असतं. सोबती हवाच असेल तर तो आम्ही निवडायचा, तो अठरा वर्षांचा हवा, आणि एका माणसाला त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येतं. नियम आहे तसा. २०२४ च्या लोकसभेला तर सुरतेच्या जागेवर बिनविरोध निवड झाली, बटण कोणालाच दाबता आलं नाही. म्हणून पुढच्या वेळचं आमचं आम्हाला दाबू द्या!

आणि आमच्या मुलींना "आईची काठी" म्हणू नका. नववीतली पोर आहे, तिला क्लास आहे, मैत्रिणी आहेत. शाळेतून फोन आला की "पप्पांना द्या" असं सांगतात, तेही बंद व्हायला हवं. प्रगतिपुस्तकावर सही आम्हीच करतो. पट्टी धरून करतो, सरळ येते.

शेवटी एक मागणं. मंडळाच्या सूचना व्हॉट्सअॅपवर फोटो काढून टाकता. आमचा फोन फोटोतली अक्षरं नीट वाचत नाही, मग तो मजकूर मुलीकडून वाचून घ्यावा लागतो. टाइप करून पाठवा. गणपतीच्या वर्गणीचा आकडा मात्र आजवर दर वर्षी फोन करूनच कळवलात, तिथे कधी चूक झाली नाही.