पालकसभेचा पेहराव



या व्याख्यानमालेत दरवर्षी मोठमोठे विषय होतात. राज्यघटना होते, संतवाङ्मय होते, अवकाशातील यानेही होतात. त्या मानाने आमचा आजचा विषय कपाटातल्या एका खणात मावेल एवढा लहान आहे. शाळेतल्या पालकसभेला आईबाप काय घालून जातात, आणि त्यावरून तेथे काय काय घडते, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. विषयाचे नाव ऐकून काही श्रोते हसले. हसण्यासारखे त्यात आहेही. पण हसून झाल्यावर जे उरते त्याकडे आपण थोडे लक्ष द्यावे, एवढी विनंती आहे.

पूर्वी पालकसभेची चिठ्ठी मुलाच्या दप्तरातून यायची, आता फोनवर येते. ‘शनिवारी सकाळी दहा वाजता पालकसभा, दोघांनीही उपस्थित राहावे.’ चिठ्ठीत कपड्यांविषयी एक अक्षर नसते. पण घरोघरी ती वाचली की पहिला विचार येतो तो कपड्यांचाच. ट्रंकेतली साडी बाहेर निघते. तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो म्हणून ती आदल्या रात्री दोरीवर टाकली जाते. शेजारणीकडे मॅचिंग ब्लाउजची चौकशी होते. रिक्षा चालविणारा बाप खाकी शर्टाखाली दुसरा शर्ट घालून निघतो आणि शाळेच्या अलीकडच्या कोपऱ्यावर खाकी उतरवून सीटखाली ठेवतो. चार घरची धुणीभांडी उरकून येणारी आई फाटकापाशी नळावर पाय धुते, पदर पुन्हा एकदा पिनेने नीट करते आणि मग आत शिरते. अशा पालकसभा आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. प्रगतिपुस्तक मुलाचे असते. पण त्या दिवशी परीक्षेला आईबाप बसलेले असतात.

याच सभेत आणखीही एक गृहस्थ दिसतात. अर्धी चड्डी, गोल गळ्याचा बनियनवजा शर्ट, पायांत रबरी सपाता. ते डॉक्टर आहेत, किंवा त्यांचा मोठा कारखाना आहे. त्यांच्याकडे पाहून बाई शेजारच्या बाईंना म्हणतात, “एवढे मोठे, पण किती साधे!” त्यांच्या मागोमाग रंगकाम करणारा एक बाप येतो. कामावरून परस्पर आलेला असतो. शर्टावर चुन्याचे शिंतोडे आहेत. त्याच्याविषयी त्याच बाई म्हणतात, “शाळेत येताना तरी जरा नीट येऊ नये का?” मंडळी, दोघांच्याही कपड्यांत शाळेचा मान ठेवण्याजोगे फारसे काही नव्हते. मग एकाचा साधेपणा आणि दुसऱ्याचा गबाळेपणा, हा भेद आला कोठून? तो कपड्यांत नव्हता, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होता. साधे दिसण्याची चैन करावयाची तर आधी मोठेपणा पदरी असावा लागतो. ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण आपण सगळ्यांना सारखीच ऐकवितो; पण तिचा जाच होतो तो ज्याच्याजवळ दुसरा कसलाच नूर नाही त्याला.

आता गणवेशाचे पाहा. शाळेत गणवेश का असतो? मुलांमुलांत गरीब-श्रीमंत हा भेद दिसू नये म्हणून, असे आपण सांगतो. आणि ते योग्यच आहे. वर्षाचे दोनशेहून अधिक दिवस निळी चड्डी आणि पांढरा शर्ट तो भेद झाकून ठेवतात. आणि पालकसभेच्या दिवशी तोच भेद दोन पायांवर चालत फाटकातून आत येतो! वर्गाच्या दाराशी मुले उभी असतात. कोणाची आई कशी आली, कोणाचे बाबा कशावरून आले, हे ती बारकाईने पाहतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आपल्या आईच्या साडीची किंमत ठाऊक नसते. पण बाई तिच्याशी बसून बोलल्या की उभ्याउभ्या बोलल्या, हे त्याला बरोबर कळते. मग पुढच्या सभेच्या वेळी ते मूल घरी म्हणते, “बाबा, टोपी घालून येऊ नका हं.” किंवा, “आजी, तू नको येऊस, आईलाच पाठव.” ज्या शाळेत आपण त्याला ज्ञान मिळवायला पाठविले, तेथून ते आपल्याच माणसांची लाज घेऊन घरी येते. आमच्या मते ही सबंध विषयातली खरी नुकसानीची गोष्ट आहे. बाकीचे सारे गौण.

सिनेमावाल्यांच्याही हे ध्यानात आले आहे. 2012 सालच्या ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये मुलीला आईच्या इंग्रजीची लाज वाटते. 2017 सालच्या ‘हिंदी मीडियम’मध्ये तर नायक स्वतः दिल्लीच्या चांदणी चौकातला कपड्यांचा व्यापारी आहे, तरी शाळाप्रवेशाच्या मुलाखतीसाठी नवराबायकोला शिकवणी लावावी लागते. पुढे गरिबांच्या राखीव जागेतून प्रवेश मिळावा म्हणून तेच जोडपे गरिबाचे सोंग घेते. प्रेक्षक हसतात, पण शाळेच्या दाराशी वेष पाहिला जातो, ही गोष्ट त्यांना कोणी समजावून सांगावी लागत नाही.

मग यावर उपाय काय? कोणी चटकन् म्हणेल, ‘सर्वांनी साधे कपडे घालून यावे, म्हणजे झाले.’ हा उपाय दिसतो तेवढा सोपा नाही. त्यासाठी आपल्याच इतिहासातील दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या लागतील.

पहिली गोष्ट 1888 सालची. इंग्लंडच्या राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी पुण्यात मेजवानी होती. जरीच्या पगड्या आणि दागदागिने यांनी बैठक झगमगत होती. त्या बैठकीत महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले, आणि या सजलेल्या मंडळींवरून हिंदुस्थानची परीक्षा करू नका, खरा देश खेड्यापाड्यांत आहे, त्याच्या शिक्षणाची सोय करा, असे त्यांनी राजपुत्राला सांगितले. हे साधे कपडे गबाळेपणाचे नव्हते; तो एक युक्तिवाद होता.

दुसरी गोष्ट 1927 सालची, महाडची. तेथे डिसेंबरात बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना उपदेश केला तो उलट दिसणारा आहे. लुगडे इतर स्त्रियांप्रमाणे नेसा, जातीची खूण सांगणारे जडशीळ दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा, आणि मुलींना शाळेत घाला. ज्यांचे कपडे, दागिने, फार काय लुगडे नेसण्याची तऱ्हाही पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनी ठरविली, त्यांनी नीटनेटके नेसणे ही त्यांच्या लेखी हौस नव्हती, तो हक्क होता.

एकाने भारी वस्त्रांच्या बैठकीत जाडेभरडे वस्त्र नेले. दुसऱ्याने जाडेभरडे टाकून चांगले नेसावयास सांगितले. या दोहोंत विरोध आहे काय? आम्हांस तो दिसत नाही. माझ्या अंगावर काय असावे हे मी ठरवीन, आणि तेवढ्यावरून मला कमी लेखण्याचा अधिकार कोणाला नाही, हेच दोन्हीकडचे सांगणे आहे. म्हणून ट्रंकेतली काठपदराची साडी नेसून येणाऱ्या आईला ‘कशाला एवढा थाट?’ म्हणू नये. तो थाट नव्हे. तिच्या आईला शाळेचा उंबरठा ओलांडता आला नव्हता. आज तिला बोलावून घेतले आहे, म्हणून ती सणासारखी आली आहे. आणि चुन्याच्या शिंतोड्यांनिशी येणाऱ्या बापालाही नाक मुरडू नये. त्याने अर्ध्या दिवसाची मजुरी सोडली आहे. शाळेचा मान त्याने कपड्यांनी नव्हे, रोजाने चुकविला आहे.

उलट बाजूनेही बोलले पाहिजे. शाळा म्हणजे घरची ओसरी नव्हे. झोपण्याच्या गाऊनवर ओढणी टाकून मुलाला फाटकाशी सोडणे आपल्या शहरांतून आता सर्रास दिसते. हा प्रश्न केवळ आपलाच नाही. 2016 साली इंग्लंडमधील डार्लिंग्टन गावच्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेने पालकांना पत्र लिहिले, की मुलांना सोडावयास येताना झोपण्याच्या कपड्यांत येऊ नका. पुष्कळांनी तिची बाजू घेतली, काहींनी टीका केली. 2019 साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातल्या एका शाळेने मात्र पालकांसाठी कपड्यांची यादीच काढली आणि तिच्याबाहेरचे कपडे असतील तर आत घेणार नाही असे कळविले. त्याच सुमारास तेथे मुलीचे नाव घालावयास आलेली एक आई कपड्यांवरून परत पाठविली गेली होती. या दोहोंत एक रेषा आहे, ती आपण नीट ओळखली पाहिजे. विनंती करणे हा शाळेचा अधिकार आहे. दार लावणे हा नाही. कारण दार लागते ते आईच्या तोंडावर, आणि बाहेर राहते ते मूल.

आपल्या येथे 2024 च्या मार्चमध्ये राज्य शासनाने शिक्षकांच्या पोशाखाविषयी सूचना काढल्या. जीन्स आणि टी-शर्ट नको, असे त्यांत होते. शिक्षक हे पगारी सेवक आहेत, त्यांच्यापुरते असे नियम समजण्याजोगे आहेत. पण पालक हे शाळेचे नोकर नव्हेत आणि पाहुणेही नव्हेत. 2009 सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले आहे. त्याच कायद्याच्या 13 व्या कलमाप्रमाणे प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापांची चाळणी करता येत नाही. केल्यास पहिल्या खेपेला 25,000 रुपयांपर्यंत आणि पुढे प्रत्येक खेपेला 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. कायदा प्रवेशाच्या दारापर्यंत येऊन थांबतो. प्रवेश झाल्यावर दर तीन महिन्यांनी पालकसभेत नजरेने जी चाळणी चालते, तिला कलम नाही आणि दंडही नाही. ती थांबविण्याचे काम माणसांचे आहे.

ते कसे करावयाचे? आमच्या सूचना अगदी साध्या आहेत. पहिली, सभा रविवारी किंवा संध्याकाळी ठेवावी, म्हणजे कोणाचा रोज बुडणार नाही आणि कोणाला कामावरून धावत यावे लागणार नाही. दुसरी, चिठ्ठीत एक ओळ वाढवावी: ‘कामाच्या कपड्यांत आलात तरी अवश्य या.’ ही ओळ छापावयास काही खर्च नाही. पण ती वाचून पुष्कळ घरांतले ओझे उतरेल. तिसरी, खुर्ची सर्वांना सारखी द्यावी आणि ‘या ताई, बसा दादा’ म्हणून सर्वांना सारखेच बसवावे. चौथी, पालकाशी त्याच्या भाषेत बोलावे, आणि पहिले वाक्य मुलाच्या एखाद्या चांगल्या गुणाविषयी असावे. मुलाविषयी बोलणे सुरू झाले की कपडे कोणाच्याच ध्यानात राहत नाहीत, ना पाहणाऱ्याच्या, ना घालणाऱ्याच्या.

पालकांनाही थोडे सांगावयाचे आहे. सभेहून परतल्यावर कोणी काय घातले होते याची चर्चा मुलांदेखत करू नका. हल्ली ती व्हॉट्सॲपवर रात्रभर चालते, तीही नको. आणि मूल म्हणाले, ‘हे घालून येऊ नका,’ तर त्याला रागावू नका, पण मुकाट्याने त्याचे ऐकूही नका. त्याला जवळ बसवून सांगा, की या खाकी शर्टाच्या कमाईतून तुझी पुस्तके आली. एकदा सांगून भागणार नाही. दोनदा, तीनदा सांगा.

येत्या जूनमध्ये शाळा सुरू होतील आणि थोड्याच दिवसांत आपल्या फोनवर पालकसभेची सूचना येईल. तेव्हा कपाट उघडून जे आपणांस योग्य वाटेल ते खुशाल घाला. फक्त सभेत शिरल्यावर शेजारी बसलेल्या पालकाच्या कपड्यांकडे नजर जाऊ लागली, तर ती थोडी वर उचला आणि त्याचे नाव विचारा. त्याचे मूल आणि आपले मूल एकाच बाकावर बसते. ती दोघे एकमेकांशी कशी वागतील, हे आपण एकमेकांशी कसे वागतो यावरून ठरणार आहे.