टेबल टेनिस आणि आपल्या मुलांचे आरोग्य
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीच्या आईने मला विचारले, "सर, हा चेंडू टोलवून हिला दहावीला मार्क मिळणार आहेत का?" त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. आज उत्तर देतो.

आपल्या मुलांचा दिवस पाहा. सकाळी मक्तब, मग शाळा, मग शिकवणी आणि उरलेला वेळ मोबाईल! जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी. आपली किती मुले हे करतात? मोहल्ल्यात मैदान नाही, आणि पावसाळ्यात असलेल्या मैदानाचाही चिखल होतो.

अशा वेळी टेबल टेनिस उपयोगी पडते. टेबल ९ फूट लांब, ५ फूट रुंद आणि अडीच फूट उंच. मागेपुढे हालचालीला जागा सोडली की शाळेची एक मोठी खोली पुरते. चेंडूचे वजन अवघे २.७ ग्रॅम. अंगावर बसला तरी इजा होत नाही, आणि दोघांच्या मध्ये टेबल असल्यामुळे धक्काबुक्कीचा प्रश्नच नाही. म्हणून अशक्त मूलही येथे न भिता उतरते.

आता फायदे पाहू. पहिला, पायांचा. हा खेळ हाताचा वाटतो, पण खरा खेळाडू पायांवर खेळतो. गुडघे किंचित वाकवून डावी-उजवीकडे सतत सरकावे लागते. त्यामुळे श्वास वाढतो, घाम येतो, हृदयाला व्यायाम घडतो. दुसरा, डोळा आणि हात यांच्या मेळाचा. चेंडू कोठे पडेल, किती फिरेल हे क्षणात ओळखून बॅट वळवावी लागते. तिसरा, मनाचा. एक गेम ११ गुणांचा असतो. चूक झाली की रडत बसायला वेळ नसतो, लगेच पुढचा चेंडू येतो. हरल्यावर हात मिळवायची सवय लागते, ती आयुष्यभर पुरते.

परंतु अतिशयोक्ती नको. या खेळाने चष्म्याचा नंबर जात नाही. डोळ्यांसाठी मुलांनी उघड्यावर, उजेडात खेळणेही आवश्यक आहे. एका जागी उभे राहून टकटक करणे म्हणजे व्यायाम नव्हे. खेळापूर्वी पाच मिनिटे खांदे, मनगटे आणि पाय मोकळे करावेत. पायात न घसरणारे बूट हवेत. एकाच हातावर भार पडतो, म्हणून दोन्ही हातांचे व्यायामही करावेत.

भगिनींनो, सातवीनंतर आपल्या मुलींचा खेळ बंद होतो. का? हा खेळ चार भिंतींच्या आत होतो, सलवार-कमीज घालून, ओढणी नीट बांधून खेळता येतो. मुलींसाठी वेगळी वेळही ठेवता येते. युद्धाने होरपळलेल्या सीरियातील हेंद झाझा ही मुलगी २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये अवघ्या बाराव्या वर्षी टेबल टेनिस खेळली. ती तेथील सर्वांत लहान खेळाडू होती. पहिलाच सामना ती हरली, पण तिची जिद्द जगाने पाहिली.

एक कबुलीही देतो. परीक्षेच्या आधी टेबलाच्या खोलीला कुलूप मीच लावले होते आणि टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचले होते. अभ्यास वाढेल असे मला वाटले. वाढली ती फक्त वर्गातली पेंग. ती चूक मी पुन्हा करणार नाही.

टेबल घेणे परवडत नसेल तर शाळेतील दोन सपाट बाके जोडा, मध्ये लाकडी फळी उभी करा. सुरुवातीला एवढे पुरे. शाळा सुटल्यावर अर्धा तास द्या. मगरिबपूर्वी मूल घरी येईल.

त्या भगिनीला माझे उत्तर असे : चेंडू टोलवून मार्क मिळणार नाहीत, पण मार्क मिळवणारे शरीर आणि मन त्यातून घडेल. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. तिचा सांभाळ करणे हेही आपले कर्तव्यच आहे. अल्लाह तआला आपल्या मुला-मुलींना आरोग्य आणि इल्म दोन्ही देवो, आमीन.

जय हिंद! खुदा हाफिज.