पंप पाठीला लावण्याआधी

(सूर्यफुलावरील केवड्याविषयी जिल्हा मेळाव्यातील भाषण)



सूर्यफुलाचा पेरा आता फार घटला आहे. तरी कापूस-ज्वारीच्या रानात ज्यांना पुन्हा तेलबी घ्यायची आहे, त्यांच्याशी आज केवड्याविषयी बोलायचे आहे. १९८४ साली हा रोग लातूरकडे दिसला. झाड खुजे राहते, शिरांलगत पान पिवळे पडते, पान उलटले की पांढरी बुरशी दिसते. फूल सूर्याकडे वळत नाही, ताठ आभाळाकडे बघत राहते. दाणे पोचट.

बुरशी हा शब्द आपला सवयीचा. खरे पाहता हा जीव पाण्यातल्या शेवाळाच्या भावकीतला. ओल्या मातीत त्याचे बीजाणू शेपटी हलवीत पोहतात आणि कोवळ्या मुळात शिरतात. पान पिवळे पडेपर्यंत तो झाडभर भिनलेला असतो. मग फवारणी म्हणजे बैल गेला अन् झोपा केला. आम्हीही शेतकी कॉलेजातून नवे बाहेर पडलो तेव्हा फवाराच सांगत होतो. पैसा दुकानात गेला, केवडा रानात राहिला.

मेटॅलॅक्झिलची बीजप्रक्रिया करतात, तिचा उपयोग होतो. पण फ्रान्समध्ये त्या औषधालाही न जुमानणारा केवडा निघाला. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राने रोगाला दाद न देणारे संकरित वाण काढले. बी घेताना आधी तेच विचारा. मात्र रोगही नवी रूपे घेतो, तेव्हा एकट्या वाणावर विसंबू नका.

मुख्य इलाज आपल्याच हातात आहे, तो फेरपालटीचा. रोगाचे बीज मातीत वर्षानुवर्षे टिकते. त्या रानात तीन-चार वर्षे सूर्यफूल नको. कापूस घ्या, ज्वारी घ्या, तूर घ्या. ज्वारीवरही केवडा येतो म्हणून बिचकू नका, तो निराळा. एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

पाणी तुंबणाऱ्या तुकड्यात पेरू नका, निदान चर काढा. पेरणीनंतर पहिला महिनाभर आठवड्यातून एकदा ओळीओळीने फिरा. रोगट झाड दिसले की मुळासकट उपटा आणि जाळा. उकिरड्यावर टाकलेत तर तेच खत होऊन परत रानात येईल. आपोआप उगवलेली सूर्यफुलेही काढा.

आणि हे बांधाला बांध लागून असलेल्यांनी मिळून करायचे आहे. पानामागची पांढरी भुकटी वाऱ्यावर जाते, तिला सातबारा कळत नाही. गावी गेल्यावर पेरणीआधी शेजाऱ्याला विचारा, गेल्या साली त्याच्या रानात काय होते.