गोधडी आणि कबुलीजबाब

अविश्वसनीय निवेदक म्हणजे ज्याच्या तोंडूनच कथा ऐकावी लागते, परंतु ज्याच्या शब्दावर पुरती भिस्त ठेवता येत नाही, असा कथा सांगणारा. तो धडधडीत खोटे बोलत असेल, त्याची स्मृतीच त्याला दगा देत असेल, किंवा समोरचा काय ऐकू इच्छितो हे ओळखून तो तेवढेच सांगत असेल. यांपैकी तिसऱ्या प्रकाराचा अतिशय सखोल शोध मार्गारेट ॲटवूड यांच्या ‘एलियस ग्रेस’ (१९९६) या कादंबरीत आढळतो.

कादंबरीचा आधार खरा आहे. जुलै १८४३ मध्ये कॅनडातील रिचमंड हिल येथे टॉमस किनिअर आणि त्यांची घरव्यवस्था पाहणारी नॅन्सी माँटगोमेरी यांचे खून झाले. नोकर जेम्स मॅकडरमॉट फासावर गेला, तर सोळा वर्षांची आयरिश मोलकरीण ग्रेस मार्क्स हिची फाशी जन्मठेपेत बदलली गेली आणि १८७२ मध्ये तिला माफी मिळाली. नॅन्सीच्या खुनाविषयी ग्रेसच्या नावावर किमान तीन निरनिराळ्या हकीकती नोंदल्या गेल्या आहेत. सुझॅना मूडी यांनी १८५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तावर विसंबून ॲटवूड यांनी १९७४ मध्ये या प्रकरणावर दूरचित्रवाणीसाठी नाटक लिहिले होते. पुढे त्या वृत्तान्तातील चुका ध्यानात आल्यावर त्यांनी हेच प्रकरण कादंबरीसाठी नव्याने उघडले. स्वतःच एकदा दिलेला निकाल लेखिकेने असा परत तपासायला घ्यावा, हे धैर्य दुर्मीळ आहे.

कादंबरीत डॉ. सायमन जॉर्डन हा काल्पनिक मनोचिकित्सक ग्रेसची त्या खुनांविषयीची हरवलेली आठवण जागी करू पाहतो. पहिल्या भेटीत तो तिच्यापुढे सफरचंद ठेवतो आणि कोणते सफरचंद खाऊ नये, असे विचारतो. त्याला बायबलमधले निषिद्ध फळ अपेक्षित आहे, हे ग्रेस तत्काळ ओळखते. तरीही कुजलेले, एवढेच उत्तर ती देते. वाचकाला तिच्या मनातले उत्तर कळते, डॉक्टरला कळत नाही, आणि या विश्वासामुळे वाचक तिच्या बाजूला ओढला जातो. मात्र डॉक्टरपासून इतक्या सहजतेने लपवणारी ही स्त्री वाचकापासून काय लपवत असेल, ही शंका तिथेच रुजते. पुढे डॉक्टर बीट, बटाटा अशी कंदमुळे आणतो, हेतू हा की त्यांच्यावरून तळघर आठवावे आणि तळघरावरून तिथली प्रेते. ग्रेस मात्र हातातले शिवण सोडत नाही.

पुढे संमोहनाच्या एका प्रसंगात तिच्या तोंडून दुसऱ्याच एका स्त्रीचा आवाज येतो. संमोहन करणारा तिचा जुना परिचित फेरीवाला असल्याने त्या आवाजाचा पुरावा म्हणून उपयोग उरत नाही, आणि हा प्रसंग उकल म्हणून वाचणारे तिथेच फसतात.

शेवटी ग्रेस स्वतःसाठी पहिल्यांदाच गोधडी शिवते. त्या गोधडीत मृत मैत्रीण मेरी व्हिटनी हिच्या परकराचा एक तुकडा असेल, तुरुंगातल्या झग्याचा एक, आणि तिसरा नॅन्सीच्या ज्या पोशाखात ग्रेस खुनांनंतर पळाली होती, त्याचा. तिन्हींच्या कडेने लाल दोऱ्याचे टाके घातलेले असतील.